गोगट्यांचं कुमुद

२०१२ सालच्या फेब्रुवारीतल्या पहिल्या शुक्रवारी, सकाळी सव्वासातच्या सुमारास, भालचंद्र गोगटे जर्मनीत एर्लांगेनमधल्या आपल्या घरामागच्या तळ्याच्या काठावर घसरून पडले. बाहेरचं तापमान उणे सतरा होतं. त्यांच्या हातात उकळत्या पाण्याचं पातेलं होतं. पातेल्याला पोचा आला. गोगट्यांचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला.

त्यांना पडलेलं प्रथम पाहिलं ते पलीकडच्या घरातल्या फ्राउ लिंडनर यांनी. तरीही अँब्युलन्सला फोन जायला काही मिनिटं गेली. गोगटे रोज सकाळी तळ्यापुढे वाकून पाण्याचा थर्मामीटर वाचत. ही हिंदूंची प्रार्थना आहे असं फ्राउ लिंडनरनी फार पूर्वीच ठरवलं होतं आणि त्या वेळेत त्या आपलं गवत कापण्याचं यंत्र बंद ठेवत. शांतता मिळते म्हणून गोगट्यांनी हा गैरसमज कधी दूर केला नाही. त्या सकाळी फ्राउ लिंडनरना वाटलं, आज प्रार्थना आडवी पडून करायची असेल.

मी गल्लीतल्याच माझ्या घरातून पोचले तेव्हा गोगटे स्ट्रेचरवर होते. त्यांनी विचारलं, "वहिनी, बर्फातलं भोक उघडं आहे का?"

मी म्हणाले, फ्राउ लिंडनर उघडं आहे म्हणाल्या.

"सूत्रांकडून नको. स्वतः पाहिलंत?"

मी पुण्यात अकरा वर्षं वर्तमानपत्रात काम केलं, हे कळल्यापासून ते मला हाच प्रश्न विचारत. पाऊस पडतोय म्हटलं तरी विचारत. मी जाऊन पाहून आले. भोक उघडं होतं. मग त्यांनी अँब्युलन्सवाल्यांना निघायची परवानगी दिली आणि घराची किल्ली व निळ्या पुठ्ठ्याची एक वही माझ्या हवाली केली.

गोगट्यांचं वय तेव्हा अठ्ठावन्न. लग्न केलेलं नाही. बावीस वर्षं ते एका कंपनीत तपासणी-यंत्रांची टेबलं बनवत होते, म्हणजे ज्याच्यावर पेशंट झोपतो आणि जे सरकत यंत्रात जातं ते. पेशंट चाळीस किलोचा असो की दोनशेचा, टेबल दोन मिलिमीटरपेक्षा जास्त वाकता कामा नये, यात त्यांची हयात गेली. तळंही त्यांनी त्याच पद्धतीने खणलं होतं. लांबी एक मीटर साठ, रुंदी एक मीटर दहा, खोली पंच्याऐंशी सेंटीमीटर. खड्डा तयार झाल्यावर त्यांनी तो सात ठिकाणी मोजला आणि एका कोपऱ्यातली दोन वाट्या माती काढून टाकली.

त्या पाण्यात एकच रोप होतं. त्याला कोणी कमळ म्हटलं की गोगटे थांबवत. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सेक्रेटरींनी माइकवरून "गोगटेकाकांच्या तळ्यातलं कमळ" असं म्हटल्यावर ते उठले, माइक मागून घेतला आणि आरतीसाठी उभ्या असलेल्या साठ माणसांना म्हणाले, "कमळ नव्हे, कुमुद. कमळाचं पान पाण्याच्या वर उभं राहतं. कुमुदाचं पाण्यावर निजतं. निजलेल्याला उभं म्हणू नये." कापूर पेटवलेला होता. तो विझला. दुसरा पेटवावा लागला.

या रोपाची हकीकत सगळ्या गल्लीला माहीत होती. मालवणजवळच्या त्यांच्या गावी विहिरीशेजारी दगडी डोण आहे, तिच्यात फुलं येतात. २००८ च्या उन्हाळ्यात गोगटे गावी गेले तेव्हा त्यांच्या आईने त्यातला एक कंद ओल्या पंच्यात गुंडाळून त्यांना दिला. म्हणाली, "पाण्यात ठेव, आणि रविवारी सांगत जा." तेव्हापासून दर रविवारी अकरा वाजता ते आईला फोन करत. आईचं वय चौऱ्याऐंशी. तब्येत, हवा, नोकरी या विषयांवर दोघांचं बोलणं दोन मिनिटांत संपत असे. मग आई विचारी, "फूल काय म्हणतंय?" आणि गोगटे वीस मिनिटं बोलत. हिवाळ्यात फूल नसे. तेव्हा ते बर्फाची जाडी सांगत.

आता ते रोप पंच्याऐंशी सेंटीमीटर खाली, टोपलीत, बर्फाच्या झाकणाखाली होतं, आणि रविवारपर्यंत थंडी वाढेल असा अंदाज होता.

वहीच्या पहिल्या पानावर नियम होते. गोगट्यांचे वडील शाळेत संस्कृत शिकवत, त्यामुळे मुलगा अजूनही जुन्या पत्रांच्या थाटात लिही. बर्फास एक भोक सतत उघडे ठेवावे, म्हणजे कुजणाऱ्या पानांचा वायू बाहेर पडेल. त्यासाठी उकळत्या पाण्याचे पातेले बर्फावर ठेवावे व ते आपोआप खाली उतरू द्यावे. तळ्यास दिवसातून पाच वेळा भेट द्यावी. सहावा नियम असा: हातोडी वापरू नये. आणि सातवा, खाली दोन रेघा मारलेला: आईस धक्का देऊ नये.

सहावा नियम मला समजला आणि सातवा हे त्याचंच कारण आहे असं मी धरून चालले. जर्मनमध्ये बर्फाला 'आइस' म्हणतात. बावीस वर्षं इथे राहिलेला माणूस तसं लिहिणारच. हातोडी मारली की बर्फाखालच्या पाण्याला हादरा बसतो, एवढं मीही वाचलं होतं.

शुक्रवारी आणि शनिवारी मी दहा वेळा पातेलं ठेवलं. भोक प्रत्येक खेपेला आधीपेक्षा लहान झालेलं असे. हॉस्पिटलमधून गोगट्यांचा दर दोन तासांनी फोन येई. भोकाचा व्यास किती? कशाने मोजलात? पट्टी कुठली? शनिवारी दुपारी मी सहा सेंटीमीटर सांगितलं. मग ते हळूच म्हणाले, "आल्झो, तर मग दोन पातेली ठेवा. एकाशेजारी एक." मी म्हणाले, अहो, असल्या शंभर जाती गार्टनसेंटरमध्ये मिळतात, हे गेलं तर उन्हाळ्यात दुसरं लावू. त्यावर त्यांनी फोन ठेवला. दहा मिनिटांनी परत केला आणि पुन्हा व्यास विचारला.

सूज उतरल्यावर ऑपरेशन करायचं ठरलं होतं. रविवारी सकाळी साडेनऊला मी त्यांना भेटले. गुंगीचं औषध दिलेलं होतं. जीभ जड झाली होती.

"वहिनी, सातवा नियम. तो विशेष."

"पाळतेय. हातोडी घराबाहेर काढलीच नाही."

"हातोडीचा काय संबंध?" ते म्हणाले. तेवढ्यात नर्सने खाट ढकलत नेली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मी गोगट्यांच्या स्वयंपाकघरात पाणी उकळत होते. वही ओट्यावर उघडी होती. फोन वाजला.

"भालू? आज फोनची वेळ टळून गेली."

मी नाव सांगितलं, शेजारीण आहे म्हणाले. मग जे खात्रीचं होतं ते क्रमाने सांगितलं. शुक्रवारी सकाळी पडले, उजवा पाय दोन ठिकाणी मोडला, या क्षणी ऑपरेशन चालू आहे, जिवाला धोका नाही.

त्यांनी विचारलं, हॉस्पिटलात त्याच्याजवळ कोण आहे. मी म्हणाले, आत्ता डॉक्टर आहेत, दुपारी मी जाईन. जेवायला काय देतात, हेही विचारलं. ते मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं.

"आणि फूल?"

मी म्हणाले, काळजी करू नका, भोक उघडं ठेवलंय, आणि पांढरं कुमुद तशी थंडी सोसतं.

"पांढरं," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, हो, पांढरं. मी दोन उन्हाळे पाहतेय.

"आमच्या डोणीतलं निळं आहे."

शेगडीवरचं पाणी उकळत होतं. मी वहीकडे पाहिलं. पहिल्या पानावर चार ठिकाणी बर्फाचा उल्लेख होता आणि चारही ठिकाणी तो 'बर्फ' असाच लिहिला होता. मी पान उलटलं. २००९ च्या मार्चची नोंद होती: "निळे गेले. खोली बरोबर होती, जात चुकली. उष्ण प्रदेशातील कंद थंडीत तग धरत नाही. आईस धक्का देऊ नये." त्याखाली एप्रिलची: "पांढरे लावले." पानाला गार्टनसेंटरची प्लास्टिकची चिठ्ठी टाचणीने लावलेली होती.

अकरा वर्षं मी इतरांच्या मजकुरातल्या चुका काढल्या. त्या विभक्तीत 'आई' आहे, हे मला तीन दिवस दिसलं नव्हतं.

मी म्हणाले, आई, मी बोलायला नको होतं.

"का? मला ठाऊक होतं की."

त्यांनी जे सांगितलं ते मी फोन ठेवल्यावर लगेच लिहून घेतलं. "पहिल्या वर्षी तो फोनवर उत्पल म्हणायचा. निळं ते उत्पल, हे ह्यांनी त्याच्याकडून लहानपणी पाठ करून घेतलेलं. मग एका उन्हाळ्यात तो कुमुद म्हणायला लागला. कुमुद पांढरं असतं. खोटं बोलणं त्याला जमत नाही, म्हणून त्याने शब्द बदलला. रंग तर त्याने त्यानंतर सांगितलाच नाही. पान सांगतो, देठ सांगतो, किती वाजता उमललं, किती वाजता मिटलं. मी तरी कशाला विचारू? विचारलं असतं तर फोन दोन मिनिटांत संपला असता."

मग म्हणाल्या, "पण आता तुम्ही बोलून बसलात. आता त्याला म्हणावं, रंगही सांग."

सोमवारी दुपारी मी हे सगळं गोगट्यांना सांगितलं. पायात धातूच्या दोन पट्ट्या आणि नऊ स्क्रू बसवले होते. मी पांढरं म्हणाले, इथपर्यंत आल्यावर त्यांनी डोळे मिटले.

"धक्का बसला तिला?"

"नाही. त्यांना आधीपासून माहीत होतं."

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. कुमुद म्हणून."

ते खिडकीकडे वळले. बाहेर पार्किंगमध्ये एक माणूस गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. त्याची काच पुरी साफ होईपर्यंत गोगटे त्याच्याकडे पाहत राहिले.

"गेनाऊ, अगदी बरोबर," शेवटी ते म्हणाले. "कुमुद पांढरंच असतं." मग त्यांनी भोकाचा व्यास विचारला. मी अकरा सेंटीमीटर सांगितलं. पट्टी कुठली हे त्यांनी विचारलं नाही.

थंडीची लाट पुढचा आठवडाभर टिकली. तळ्यावर बर्फ एकोणीस सेंटीमीटर झाला. खालचा कंद जिवंत आहे की नाही, हे कळायला एप्रिल उजाडणार होता.

रविवारी मी डबा घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा अकराला पाच मिनिटं होती. गोगट्यांचा मोबाइल उशीवर होता आणि ते त्याच्याकडे पाहत होते. शेजारच्या खाटेवर फोर्शहाइमचे एक निवृत्त सुतार होते. त्यांनी मला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली. मी डबा टेबलावर ठेवला आणि दाराबाहेर येऊन उभी राहिले. दार अर्धं उघडं होतं.

अकरा वाजता त्यांनी फोन लावला. पाय बरा आहे, असं म्हणाले. बाहेर उणे बारा आहे, असं म्हणाले. मग फुलावर आले.

फोन एकतीस मिनिटं चालला. त्यातला बहुतेक वेळ तो त्यांनी कान आणि खांद्यामध्ये धरला होता. दोन्ही हात मोकळे होते, आणि त्या हातांनी ते पाकळ्या दाखवत होते.