हिल्डिंग आणि चौथी पातळी

गुनवोर हिल्डिंगला जुन्या टॉवेलात गुंडाळत होती, तेवढ्यात रेडिओवरच्या बाईनं सांगितलं की सरकारनं दहशतवादी धोक्याची पातळी तिसरीवरून चौथीवर नेली आहे. घडलेलं काहीच नाही, केवळ खबरदारी म्हणून. लोकांनी नेहमीसारखंच वागावं, पण डोळे उघडे ठेवावेत आणि बेवारस वस्तू दिसली तर पोलिसांना कळवावं.

"ऐकलंस?" गुनवोर टॉवेलाला म्हणाली. "पाचांतली चौथी. तू आपला नेहमीसारखाच वाग."

टॉवेलातून 'फुस्स' असा उसासा आला.

हिल्डिंग म्हणजे बरणीतलं खमीर. राय धान्याचं पीठ आणि पाणी यांचा आंबट वासाचा, बुडबुड्यांनी जिवंत असा ओला गोळा. त्यातलं पळीभर काढून पावात घालायचं, उरलेल्याला पुन्हा पीठ-पाणी भरवायचं, की ते पुन्हा फुगून वर येतं. विरजणासारखंच, एकदा मोडलं की संपलं. सासूबाईंनी ते त्यांच्या आईकडून आणलं होतं, आणि हिल्डिंग हे नावही त्यांनीच ठेवलेलं. सासऱ्यांचं नाव एवाल्ड होतं. हा हिल्डिंग कोण, हे सासूबाईंना कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही कोणाला सांगितलं नाही. भरवताना मात्र त्या हळूच गुणगुणायच्या, तेच गुनवोरही आता गुणगुणत असे:

मूठभर पीठ, ओंजळभर पाणी,
नीज रे राजा, ऊठ फुगोनी.

मरताना सासूबाईंनी बरणी सुनेच्या हाती दिली, पोटच्या लेकीच्या नाही. लेक म्हणजे माय-ब्रिट, गुनवोरची नणंद, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. अंत्यविधीनंतरच्या कॉफीला माय-ब्रिटनं एवढंच म्हटलं होतं, "मला चमचाभर दे गं." गुनवोर चटकन बोलून गेली, "तू मारशील त्याला." त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. रस्त्यात भेटल्या तर माना हलत, ओठ हलत नसत. वर्षं लोटली, दोघींचे नवरे गेले, केस पांढरे झाले, पण तो चमचा दोघींच्या मध्ये तसाच आडवा राहिला.

आता गुनवोर आठवडाभर उप्सालाला लेकीकडे निघाली होती. लेक फोनवर म्हणाली होती, "आई, बरणी आत्याकडे ठेव ना!" त्यावर गुनवोरनं फोनच ठेवून दिला होता. हिल्डिंगला सकाळी पोटभर भरवून, झाकणाची तार घट्ट आवळून, पिशवीत घालून ती बसथांब्यावर आली. पहिली आली म्हणून बाकावरची उन्हाची जागा मिळाली. आणि बसल्या बसल्या तिला शंका आली. कॉफीचं यंत्र बंद केलं होतं का?

तिनं पिशवी बाकावर ठेवली आणि घराकडे वळली. ऑकेर्सविक गावात जागा धरायची हीच रीत. बाकावर पिशवी ठेवावी, खुशाल जावं. दुसऱ्याच्या पिशवीला इथं कोणी बोट लावत नाही. काल लावलं नसतं, परवाही लावलं नसतं.

कॉफीचं यंत्र बंदच होतं. ते नेहमीच बंद असतं. गुनवोर परत आली तर चौकात निळी-पांढरी फीत ताणलेली, दुकानांची दारं लावलेली, आणि टोर्केल हात पसरून उभा. टोर्केल गावातला पोलीस. लहानपणी गुनवोरच्या ओट्यावर बसून त्यानं पाव खाल्ला होता, म्हणून वर्दीतही तो तिला मावशीच म्हणायचा.

"मावशी, मागं व्हा! थांब्यावर संशयास्पद वस्तू आहे. फुसफुसतेय."

"अरे, तिथं माझा हिल्डिंग आहे!"

टोर्केलचा चेहरा पावावरच्या पिठासारखा पांढरा झाला. "तिथं माणूस आहे?" थांब्याच्या उन्हात चमकणाऱ्या काचेपलीकडे त्याला काही दिसेना.

"उन्हात बसवून गेले रे त्याला, जरा घरी जाऊन येते म्हणून. सोड मला, त्याला सावलीत घ्यायला हवं."

"केवढा आहे तो?"

"शंभरी कधीच ओलांडली."

"बाप रे! मग तो काही... करणार तर नाही ना?"

"न करायला काय झालं? सकाळी पोटभर घातलंय, वरून ऊन. अशा वेळी तो कोणाचं ऐकत नसतो. तार तोडून बाहेर येईल!"

टोर्केलनं वायरलेस तोंडाशी धरला. "आत एक इसम आहे. नाव हिल्डिंग. वय शंभरच्या वर. तारांनी बांधलेला. उन्हानं भडकलाय."

वायरलेस खरखरला. मग म्हणाला, "त्याच्याजवळ काय आहे?"

"मावशी, त्याच्याजवळ काय आहे?"

"काय असणार? बरणी."

"बरणी आहे!" टोर्केल ओरडला, आणि फितीपाशी जमलेली माणसं दहा पावलं मागं सरली.

शहरातून बॉम्बपथक आलं. प्रमुख होती यान्नीके नावाची एक शांत, उंच बाई. बोलताना पापणीही हलत नसे तिची. तिनं गुनवोरला गाडीच्या आडोशाला बसवलं.

"या हिल्डिंगनं पूर्वी असं काही केलंय?"

"एकदाच. नाताळात. झाकण जरा जास्त आवळलं गेलं होतं. स्वयंपाकघर पार छतापर्यंत..." गुनवोरनं हातानंच वर दाखवलं.

"जखमी?"

"मांजर. बिचाऱ्याच्या मिशा चिकटून बसल्या."

यान्नीकेनं मान हलवली. "आणि हा कोणत्या गटाचा?"

"गटाबिटाचा नाही हो. आमच्या घराण्याचा. सासूबाईंनी दिलाय मला."

गाडीच्या दुसऱ्या बाजूला, खांद्यावर पोलिसांची घोंगडी आणि हातात कागदी पेल्यातली कॉफी घेऊन, पिशवीची खबर देणारी जागरूक नागरिक बसली होती. ती म्हणजे माय-ब्रिट. नियम तिच्या रक्तातच. कुत्र्याचा पट्टा कोणी सैल सोडला तरी नगरपालिकेला कळवणारी, तळघरात पाण्याचे कॅन आणि मेणबत्त्या रचून ठेवणारी. रेडिओवर 'चौथी' हा शब्द आला आणि तिनं बाहेर जायचे बूट घातले. थांब्यावर फुसफुसणारी पिशवी दिसली आणि आयुष्यभराच्या तयारीचं सोनं झालं. पण आता 'हिल्डिंग' कानावर पडताच तिची कॉफी घोंगडीवर सांडली.

"हिल्डिंग? आईचा हिल्डिंग?" ती ताडकन उठली. "अहो, पीठ आहे ते! आंबवलेलं पीठ! माझ्या आईचं!"

"माझं," गुनवोर म्हणाली.

यान्नीकेनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुम्ही एकमेकींना ओळखता?"

"ही माझी भावजय."

"मग आधी बोलला का नाहीत?"

"आम्ही बोलत नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

"आता तरी आणू द्या मला तो," गुनवोर उठली.

"नाही जमणार." यान्नीकेचा आवाज मऊ होता, पण हलणारा नव्हता. "पिशवी बेवारस होती. तुमच्या मागं तिच्यात कोणी काही घातलं असेल तर?"

"ऑकेर्सविकमध्ये? इथं दुसऱ्याच्या पिशवीला कोणी हात लावत नाही!"

"फोन मात्र लावतात," टोर्केल पुटपुटला. माय-ब्रिटनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो फीत सरळ करायला निघून गेला.

"काल असता तर मी स्वतः उचलून दिला असता," यान्नीके म्हणाली. "आज चौथी आहे. खबरदारी म्हणून."

पथकाचा यंत्रमानव चाकांवर घरंगळत निघाला. त्याचा लोखंडी हात हळूहळू पिशवीकडे लांबला, आणि बरोबर त्याच क्षणी, उन्हानं मस्त झालेल्या, पोटभर जेवलेल्या हिल्डिंगनं तार तोडली. फट्! सगळा चौक खाली बसला. "पाणी!" यान्नीके ओरडली, आणि यंत्रमानवानं पाण्याचा असा फटकारा मारला की बरणी, टॉवेल, पिशवी आणि शंभर वर्षांची आंबट पुण्याई थांब्याच्या काचेवर पसरली.

आंबट, ओलसर, दर शनिवारी पहाटे गुनवोरच्या खिडकीतून येणारा वास चौकभर दरवळला. एका म्हाताऱ्यानं नकळत टोपी काढली. गुनवोरचे ओठ हलत होते, 'नीज रे राजा', पण पुढचं 'ऊठ' काही तोंडातून येईना.

त्यानंतर सगळं रीतीप्रमाणे झालं. वस्तू ठेवणारी म्हणून गुनवोरला गाडीत बसवून सगळं पहिल्यापासून विचारलं गेलं. खबर देणारी म्हणून माय-ब्रिटला थांब्यापाशी नेलं, हीच का ती पिशवी, हे ओळखायला. तिनं बराच वेळ वाकून वाकून ओळखलं. मग अग्निशामक दलानं बंब लावला आणि काच, बाक, फरसबंदी सगळं लख्ख धुऊन काढलं. गुनवोर बाहेर आली तेव्हा थांबा नव्यासारखा चमकत होता. चाटून घ्यायला एक थेंब नव्हता.

"माफ करा," यान्नीके म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिची पापणी हलली. "माझी आजीसुद्धा पाव करायची."

गुनवोर उप्सालाला गेली नाही. घरी बसली. सकाळी सवयीनं मूठभर पीठ घेतलं, आणि भरवायला कोणी नाही म्हणून ते परत डब्यात टाकलं. लेकीनं दुकानातून नवं खमीर आणून देते म्हटलं, तेव्हा ती लहान मुलीसारखी रडली. टोर्केल येऊन दारात उभा राहिला, टोपी हातात फिरवत. "मावशी, चुकलंच हो." "तुझं नाही रे," गुनवोर म्हणाली. "मीच त्याला एकटं ठेवलं. बरणीभर होता, आणि एक चमचाही कोणाला देऊन ठेवला नाही मी."

शनिवारी ती दुधासाठी बाहेर पडली आणि गल्लीच्या टोकाशी थबकली. माय-ब्रिटच्या उघड्या खिडकीतून वास येत होता. भाजलेल्या पावाचा नुसता वास नव्हे. तो आंबट, खोल, थोडासा सफरचंदासारखा वास. जगात तसा वास एकाच बरणीला होता.

तिनं दार वाजवलं. माय-ब्रिट पिठाळलेल्या हातांनी दारात आली, आणि कान लाल करून उभी राहिली.

"तू... कुठून?" गुनवोरनं विचारलं.

"पावसाळी टोपीतून," माय-ब्रिट खालच्या आवाजात म्हणाली, गल्लीकडे बघत. "पिशवी ओळखताना. खिशात असते ना नेहमी, तिच्यात काचेवरून पुसून घेतलं. पोलिसांच्या पुराव्याला हात लावला मी, गुनवोर. या वयात! कोणाला बोलू नकोस. तेव्हापासून रात्री झोप नाही मला."

गुनवोर हसू लागली. हसता हसता तिला दाराची चौकट धरावी लागली. मग पदर नसलेल्या बाईनं जे करावं तेच केलं, बाहीनं डोळे पुसले. आणि इतक्या वर्षांनी, आवाज शक्य तेवढा सरळ ठेवून, म्हणाली, "मला चमचाभर देशील गं?"

माय-ब्रिटनं हाताची घडी घातली. "का देऊ? उन्हात बाकावर टाकून जातेस तू त्याला."

"बोल. बोल अजून. ऐकून घेते."

"मारशील त्याला, म्हणाली होतीस. मारलं कोणी?"

"मीच."

"मग ये आत," माय-ब्रिट म्हणाली. "आणि बूट काढ. आताच फरशी पुसलीय."

ओट्यावर, फडक्याखाली, बरणी उभी होती. काचेला नाक लावावं इतके बुडबुडे. गुनवोरनं फडकं उचललं आणि झोपलेलं लेकरू बघावं तसं वाकून बघितलं.

"हिल्डिंगच म्हणतेस ना त्याला?"

"छे!" माय-ब्रिट पाव कापत, मागे न वळता म्हणाली. "तो गेला बिचारा, आपण सगळ्यांनी पाहिलं. ही दुसरी. हिचं नाव मी गुनवोर ठेवलंय."

"माझं नाव? ते का?"

"आठवडाभर सांभाळतेय ना मी. जरा दुर्लक्ष झालं," माय-ब्रिटनं लोणी लावलेला गरम तुकडा तिच्यापुढे सरकवला, "की लगेच फुगून बसते."