तीनला जागा सापडेना

आमच्या एम्युलेटरमधलं शेंडेफळ आज उठलं नाही, म्हणून थोरल्याने मला बोलावून घेतलं.

एम्युलेटर म्हणजे एका संगणकाच्या पोटात चालणारं दुसऱ्या संगणकाचं सोंग. मी सांभाळते त्या सोंगात चार कोअर राहतात आणि सगळी आकडेमोड तेच करतात. सख्खे भाऊ, थोरल्यापासून नावं शून्य, एक, दोन, तीन. यंत्र सुरू केलं की शून्य आपोआप उठतो. बाकीचे पडून राहतात. त्यांना गदागदा हलवून उपयोग नसतो. उठल्यावर पहिलं पाऊल कुठे टाकायचं, ती जागा कानात सांगावी लागते. जागा कळली की तो जागा होतो. मराठीने हे केव्हाच ठरवून टाकलंय, त्यात मी काय बोलणार!

एक आणि दोन उठून कामाला लागले होते. तीनसाठी मात्र जागाच नेमलेली नव्हती. अजून पडद्यावर काही उमटलं नव्हतं. चहूकडे नुसती रिकामी मेमरी, पांढरी आणि गार, आणि तिच्यात तीन कुशीवर झोपलेला.

“ताई, हा राहिला तर यंत्र पुढे निघून जाईल,” शून्य म्हणाला. “मग घरात तिघेच होते असं धरून चालतात सगळे.”

“अरे, मग सांग की कुठलीही जागा.”

“कुठलीही कशी? भलतीकडे उठला तर भरकटेल पोर.”

खरं होतं त्याचं. मला उगाचच चीड आली.

“मला एकच जागा पाठ आहे,” तो म्हणाला. “माझी स्वतःची.”

“ती सांगितलीस तर तो थोरला होऊन उठेल.”

“उठू दे.”

शून्यने वाकून जागा सांगितली. तीनने डोळे उघडले, आळस दिला आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. लावलेलं घड्याळ पुन्हा लावलं. एक आणि दोनला परत झोपवलं. मग त्याची नजर शून्यवर गेली.

“तू का उभा? झोप. वेळ झाली की मी उठवतो तुला.”

शून्य माझ्याकडे वळला. “ताई, मला आजवर कोणी उठवलंच नाही हो.”

“मग पड की बाबा,” मी म्हटलं.

तो भावांशेजारी आडवा झाला आणि त्याला लगेच झोप लागली. तीनने त्याचं पांघरूण सारखं केलं आणि हळूच मला विचारलं, “ताई, ह्याची जागा कुठली?”

“बघू सावकाश,” मी म्हटलं. “आत्ता झोपू दे त्याला.”