अध्यक्ष घोड्यावर बसतात

"मला घोड्यावर बसता येत नाही," क्लाइव्ह टन्स्टलने सकाळच्या चहाला बायकोला सांगितलं.

ग्वेन टोस्टला लोणी लावत होती. तिने मान वर केली नाही. "ते मला माहीत आहे. एकतीस वर्षं संसार केलाय मी तुझ्याबरोबर."

"पण गावाला माहीत नाही ना!"

"मग सांगून टाक."

"सांगून टाक काय? अध्यक्ष आहे मी आता!"

मेलबर्नच्या एका विमा कचेरीत आयुष्य घालवून क्लाइव्ह दोन वर्षांपूर्वी यारंबिन नावाच्या खेड्यात राहायला आला होता. पाच एकर जमीन, चार मेंढ्या, पायात घोडेस्वारांचे बूट, डोक्यावर रुंद काठाची टोपी आणि काही वाहून न्यायचं नसताना घेतलेला छोटा ट्रक, असा त्याने नव्या आयुष्याचा सगळा सरंजाम जमवला होता. शहरात त्याला शेजारीसुद्धा ओळखत नसत. इथे दुकानात गेलं की लोक नावाने हाक मारत आणि त्या हाकेची त्याला चटक लागली होती. पहिल्याच महिन्यात पबमध्ये डग मॅकिनर्नीने सहज विचारलं, "घोड्याबिड्यावर बसतोस का रे?" दुसरा ग्लास नुकताच संपला होता. क्लाइव्ह म्हणाला, "लहानपणापासून."

पबमधल्या कुणीही जास्त चौकशी केली नाही. यारंबिनमध्ये घोड्यांबद्दलच्या थापेची कुणी चौकशी करत नाही. खरं तर गेली पंचवीस वर्षं तिथली गुरं मोटरसायकलवरून हाकली जातात. पण बूट प्रत्येकाच्या पायात आणि टोपी प्रत्येकाच्या डोक्यावर, त्यामुळे समोरचा पट्टीचा स्वार असणार असंच जो तो धरून चालतो.

गावच्या कृषी प्रदर्शनाला एकशे आठ वर्षांची परंपरा होती. शेवटच्या दिवशी बक्षीस मिळालेली सगळी जनावरं मैदानाला फेरी मारत आणि सगळ्यांच्या पुढे घोड्यावर प्रदर्शन मंडळाचे अध्यक्ष असत. बावीस वर्षं हर्ब लॉफ्टस पुढे होता. एकोणऐंशी पूर्ण झाल्यावर त्याने राजीनामा दिला आणि सभेत विचारलं, "आता कोण?" एकोणीस दणकट पुरुष आपापल्या बुटांकडे बघत बसले. त्यात कुणीतरी म्हणालं, "क्लाइव्ह बसतो की! लहानपणापासून." एकोणीस हात एकदम वर झाले. आपल्यावर गावाचं किती प्रेम आहे, असं वाटून क्लाइव्हने तिथल्या तिथे होकार दिला. ते प्रेम नव्हतं हे त्याला घरी पोचेपर्यंत कळलं नाही.

प्रदर्शनाला नऊ दिवस उरले होते.

शंभर किलोमीटरवर, डोंगराच्या पलीकडे, नोरीन हॅगर्टी नावाच्या बाईंची घोडेस्वारीची शाळा होती. इतक्या लांब यारंबिनचं कुणी बघणार नाही म्हणून क्लाइव्ह तिकडे गेला. बाई सत्तरीच्या होत्या आणि त्यांनी आयुष्यभर घोड्यांशीच बोलून माणसांशी बोलायची रीत सोडून दिली होती.

"पूर्वी कधी बसलायस?" त्यांनी विचारलं.

"थोडंफार."

"म्हणजे नाही. ये इकडे."

"मिसेस हॅगर्टी, मला जास्त काही नको," क्लाइव्ह घाईने म्हणाला. "चढायचं, ताठ बसायचं आणि मैदानाला एक फेरी मारायची. तेवढं आज शिकवा."

"आज तू घोड्यावर बसायचंच नाहीयेस."

"पण पहिला धडा आहे ना?"

"म्हणूनच. पहिल्या धड्यात घोडा काय असतो ते शिकायचं. बसायचं कसं ते तिसऱ्या धड्यात." बाईंनी त्याच्या हातात दोर दिला. "दोर हाताला गुंडाळू नकोस. घोडा बुजला तर बोटं त्याच्याबरोबर जातील. मागून जाऊ नकोस, त्याला दिसत नाही, लाथ मारील. तोंडासमोर उभा राहू नकोस. डाव्या खांद्याशी उभा राहा. हं, आता चल."

क्लाइव्ह चालला. घोडा चालला नाही.

"त्याच्या तोंडाकडे काय बघतोस? लग्न ठरवायला आलायस का? जायचं तिकडे बघ आणि चालायला लाग, तो येतो."

क्लाइव्हने पुढे बघितलं आणि पाऊल टाकलं. मागून टापांचा आवाज आला. त्याला फार बरं वाटलं. मग तासभर त्याने घोड्याला नुसतं फिरवलं, खरारा केला, एकेक पाय उचलून खुरातली माती काढली. एवढं शिकायला आपण शंभर किलोमीटर आलो, याचा त्याला मनातून रागही येत होता. शेवटी बाईंनी खोगीर ठेवून दाखवलं.

"आता नीट ऐक, ही खरी गोष्ट आहे. हा पोटाखालचा पट्टा, याला तंग म्हणतात. तंग आवळताना घोडा लबाडी करतो, पोट—"

तेवढ्यात क्लाइव्हचा फोन वाजला. मंडळाचा चिटणीस मर्व्ह पिल्किंग्टन बोलत होता. केकच्या स्पर्धेवरून दोन बायकांचं भांडण लागलं होतं: एकीच्या भोपळ्याच्या केकमध्ये दरवर्षी बाजारचं तयार मिश्रण असल्याचा दुसरीचा आरोप होता. अध्यक्षांनी ताबडतोब यावं, असा निरोप होता. क्लाइव्ह फोन कानाला लावून "हो, हो" म्हणत राहिला आणि बाई घोड्याच्या पोटाकडे बोट दाखवून बोलत राहिल्या.

"कळलं ना?" त्यांनी विचारलं.

"कळलं, कळलं."

"कळलं नाहीये तुला. परवा ये."

परवा तो गेला नाही. अध्यक्ष झाल्यावर कळतं की प्रदर्शन म्हणजे नुसती भांडणं. परवा कोंबड्यांच्या पिंजऱ्यांवरून झालं, तेरवा मुरंब्याच्या बरण्यांवरून, आणि मग फुलांच्या परीक्षक बाई रुसून घरी जाऊन बसल्या. नऊ दिवसांत क्लाइव्हने एक धडा घेतला आणि एकोणतीस समेट घडवले.

प्रदर्शनाच्या दिवशी अकराला डगने आपल्या मुलीचा घोडा आणून दिला. बदामी रंगाचा, थोराड, शांत डोळ्यांचा बार्नी. खोगीर त्याने कुंपणावर टाकलं आणि दोन पावलं मागे सरला.

"तूच चढवतोस ना खोगीर?" क्लाइव्हने आशेने विचारलं.

"छे रे! जाणकार माणसासमोर मी कशाला हात घालू?" डग म्हणाला आणि गर्दीत दिसेनासा झाला.

क्लाइव्हने खोगीर ठेवलं. तंग ओढला. बार्नीने एक लांब श्वास घेतला आणि पोट टम्म फुगवलं. क्लाइव्हने सगळा जोर लावून पट्टा त्या फुगलेल्या पोटावर घट्ट केला आणि स्वतःचीच पाठ थोपटली. बार्नीने सावकाश श्वास सोडला. चार पावलं चालवून तंग पुन्हा आवळायचा असतो, हे हॅगर्टीबाईंनी केकच्या भांडणाच्या वेळी सांगितलं होतं.

बँड सुरू झाला. मागे बैलांची रांग लागली होती. क्लाइव्हने डावा पाय रिकिबीत घातला, मनातल्या मनात तीन आकडे मोजले आणि अंग झोकून दिलं. खोगीर त्याच्याबरोबर आलं. ते बार्नीच्या पाठीवरून कुशीवर आणि कुशीवरून जवळजवळ पोटाखाली फिरलं आणि यारंबिन कृषी प्रदर्शनाचे अध्यक्ष धुळीत बसले. बार्नीने मान वळवून एकदा बघितलं आणि गवत खायला सुरुवात केली. क्लाइव्हची टोपी त्याच्याच खुराखाली गेली होती.

क्लाइव्ह उठला. चेपलेली टोपी डोक्यावर बसेना, म्हणून ती त्याने छातीशी धरली. खोगीर सरळ करायला वेळच मिळाला नाही, कारण मागचा अकराशे किलोचा विजेता बैल त्याच्या पाठीला नाक लावून ढकलत होता. पळून जायला वाट नव्हती. क्लाइव्हला येत असलेली एकच गोष्ट होती, ती त्याने केली. डाव्या खांद्याशी उभा राहिला, पुढे बघितलं आणि चालायला लागला. बार्नी त्याच्या मागोमाग निघाला, खोगीर कुशीवर लोंबत होतं.

आता मर्व्ह पिल्किंग्टनकडे सकाळी सहापासून ध्वनिक्षेपक होता आणि शांतता त्याला सहन होत नसे. "अध्यक्ष घोड्यावरून येत आहेत!" असं तो आधीच जाहीर करून बसला होता. समोर अध्यक्ष पायी येत होते, बोडक्या डोक्याने, रिकामा घोडा घेऊन. मर्व्ह चार सेकंद गप्प राहिला. इतका गप्प तो लग्नातही राहिला नव्हता.

मग तो खोल आवाजात म्हणाला, "सभ्य स्त्री-पुरुषहो... आपले अध्यक्ष आज मुद्दाम पायी चालत आहेत. या जिल्ह्यातून युद्धावर गेलेल्या आणि कधीच परत न आलेल्या घोड्यांच्या स्मरणार्थ. खोगीर उलटं बांधलेलं आपण पाहताच आहात. शोक करायची ही जुनी रीत."

ही रीत त्याला त्याच क्षणी सुचली होती. पण बँड थांबला. बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. पुरुषांच्या डोक्यावरच्या टोप्या एकामागून एक खाली आल्या. मुरंबावाल्या बायका हुंदके देऊ लागल्या, आणि भोपळ्याच्या केकवाल्या दोघींनी एकमेकींचे हात धरले.

कर्ण्यांची तोंडं प्रेक्षकांकडे होती, त्यामुळे क्लाइव्हला यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. त्याला एवढंच दिसलं की अख्खं गाव आपली फजिती नीट दिसावी म्हणून उठून उभं राहिलंय. संपलं सगळं, त्याला वाटलं. उद्यापासून दुकानात नावाने हाक मारणार नाहीत, हसतील. त्याच्या गालावरून पाणी वाहायला लागलं. ते पाहून पहिल्या रांगेतली म्हातारी माणसंही रडली.

फेरी संपल्यावर हर्ब लॉफ्टसने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "बावीस वर्षं मी नुसता मिरवत होतो रे," तो म्हणाला. "तू घोड्यांना मान दिलास."

"काय दिलं?" क्लाइव्हने विचारलं.

"बघा, वर साधेपणा किती!" हर्ब भोवतालच्यांना म्हणाला.

ग्वेनने घरी जाताना गाडीत सगळं समजावून सांगितलं. क्लाइव्ह म्हणाला, "आपण सांगून टाकूया का खरं?" ग्वेन म्हणाली, "आता? आता सांगितलंस तर मेलेल्या घोड्यांचा अपमान होईल." आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला थाप चालू ठेवायचा सल्ला दिला होता.

पंधरा दिवसांनी मंडळाची वार्षिक सभा झाली. पहिला ठराव हर्बने मांडला: यापुढे अध्यक्षांनी घोड्यावर बसायचं नाही, पायीच चालायचं, टोपी छातीशी, खोगीर कुशीवर. ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. क्लाइव्हच्या छातीवरचं ओझं उतरलं. आता तो जन्मभर अध्यक्ष राहू शकत होता.

"आता निवडणूक," मर्व्ह म्हणाला. "अध्यक्षपदासाठी कोण?"

यावेळी कुणीही बुटांकडे बघितलं नाही. अकरा हात वर झाले. आतापर्यंत कुणालाच नको असलेली खुर्ची अचानक सगळ्यांना हवीहवीशी झाली होती. घोड्यावर बसायला लागणार नाही म्हटल्यावर प्रत्येकाला लोकसेवेची तळमळ जाणवू लागली.

"क्लाइव्हने काम झकास केलं," डग उठून म्हणाला. "त्याबद्दल दुमत नाही. पण हे युद्धातल्या घोड्यांचं काम आहे, पवित्र काम आहे. ते इथल्याच मातीतल्या माणसाने करायला हवं. क्लाइव्ह येऊन दोनच वर्षं झालीत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. डग निवडून आला. क्लाइव्हला एक मत पडलं, त्याचं स्वतःचं. त्याला कोंबड्यांच्या पिंजऱ्यांवर देखरेखीचं काम देण्यात आलं आणि आभाराचा ठरावही झाला. घरी जाताना त्याला इतकं वाईट वाटलं की पबचं दार उघडं असूनही तो आत गेला नाही.

रविवारी सकाळी फाटकाशी टापा वाजल्या. डग बार्नीला घेऊन उभा होता. बार्नीच्या पाठीवर खोगीर होतं आणि डगच्या कपाळावर घाम होता.

"क्लाइव्ह, जरा काम होतं," तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "ते खोगीर तसं कुशीवर कसं आणायचं रे? कालपासून करतोय. एकतर सरळ राहतं, नाहीतर धपकन खालीच पडतं."

क्लाइव्हला पुन्हा एक झकास थाप सुचली होती. पण त्याला थापांचा कंटाळा आला होता. "डग, खरं सांगतो," तो म्हणाला. "मी ते मुद्दाम केलंच नव्हतं. मला घोड्यावर बसताच येत नाही. मी पडलो."

"ते सगळ्यांना माहीत आहे रे," डग म्हणाला. "समोरच तर पडलास. पण नेमका कसा पडलास, ते सांग ना."