अर्ध्या सेकंदाचं मौन

सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा फोटो काढून घ्यायला होकार दिला आणि जावयाने त्याची पार माती केली.

सासूबाई ग्रंथपाल. "बोलू नका" हे लोकांना सांगण्यातच पस्तीस वर्षं त्यांचा घसा बसलेला. उद्या त्या निवृत्त होणार, वाचनालयात त्यांचा फोटो लागणार आणि फ्रेमवाला आज पाचला दुकान बंद करणार. नवा कॅमेरा जावयाकडे, म्हणून हे काम आपसूक त्याच्या गळ्यात पडलं.

सकाळी खिडकीपाशी बसवून त्याने वीस फोटो काढले. दुपारी कॉम्प्युटरवर बघतो तर काय, चेहऱ्यावर कुणी मूठभर वाळू फेकावी तसे दाणेच दाणे! काल प्लंबरला गळती दाखवायला बेसिनखालच्या अंधारात फोटो काढताना चढवलेला आयएसओ खाली आणायचं हा पठ्ठ्या साफ विसरला होता. आयएसओ चढवला की अंधारातलं दिसतं खरं, पण फोटो असा दाणेदार होतो.

मग त्याने दाणे पुसणारं सॉफ्टवेअर चालवलं. दाणे गेले, सुरकुत्या गेल्या, गालावरचा तीळही गेला.

"ही कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्हीच, आई."

"मग माझ्या तोंडाला इस्त्री कुणी केली?"

चार वाजले. बाहेर आभाळ भरून आलेलं. फ्लॅश नको, सासूबाईंचे डोळे मिटतात. दिवा नको, कपाळ चमकतं. जावयाने आयएसओ शंभरवर आणला आणि कॅमेरा स्टँडवर चढवला.

"आई, उजेड कमी आहे, शटर अर्धा सेकंद उघडं राहणार. तेवढा वेळ हलायचं नाही, बोलायचं नाही."

"मला सांगताय? गप्प कसं बसावं हे मी पस्तीस वर्षं शिकवलंय. एकदा तर एक गृहस्थ..."

खट्.

"आई."

"बरं, गप्प. पण तो पडदा आधी सरळ करा..."

खट्.

असं चौदा वेळा झालं. पेपरामागून सासरे म्हणाले, "जावईबापू, त्या अर्ध्या सेकंदाची मी चाळीस वर्षं वाट बघतोय."

शेवटी तीळ, सुरकुत्या, चष्म्याची काडी, सगळं लख्ख आलेला एक फोटो सापडला. फक्त ओठ तेवढे फिसकटलेले. घड्याळ बघून जावयाने जड मनाने तोच फ्रेमवाल्याला दिला. आता सासुरवाडीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही, असं त्याला वाटलं.

आठ दिवसांनी नव्या ग्रंथपालबाईंचा फोन आला.

"तो फोटो तुम्ही काढलात?"

"हो. लगेच बदलून देतो."

"छे, हातसुद्धा लावू नका. त्याच्यासमोर कुणी कुजबुजत नाही हो. वर बघतात, बाई आत्ता ओरडतील असं वाटतं आणि गपगार होतात. मुलांच्या विभागासाठी असाच एक काढून द्या, जरा रागावलेला."

जावयाच्या जिवात जीव आला. कॅमेरा घेऊन तो धावतच सासूबाईंकडे गेला. त्या खिडकीपाशी बसल्या, मान ताठ केली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"आई, काहीतरी बोला ना."

सासूबाईंनी बराच विचार केला.

"काय बोलू?" त्या म्हणाल्या.