इंटरनेट की महाजाल

दुपारचा डबा धुवून प्रूफवाल्या बाई जागेवर आल्या, तेव्हा पडद्यावरच्या ‘इंटरनेट’चं पुन्हा ‘महाजाल’ झालं होतं. सकाळी इंटरनेट होतं. काल संध्याकाळी महाजाल. बाईंनी हात न लावता पुस्तक आपोआप कूस बदलत होतं.

भुताटकी वगैरे काही नव्हती. प्रकाशनाचे मालक साहेब आणि मालकीण वहिनी, हे नवरा-बायको, दोन खोल्यांत बसून एकाच फाइलवर काम करायचे. पुस्तक होतं नवशिक्यांना संगणक शिकवणारं. साहेबांना महाजाल, विपत्र, संकेतस्थळ हवं. वहिनींना इंटरनेट, ईमेल, वेबसाइट. त्यावरून मागे एकदा जुंपली आणि तेव्हापासून अबोला. उरलेलं भांडण फाइलमध्ये चालू होतं. एका बटणासरशी सगळ्या पुस्तकातला शब्द बदलतो, ही सोय ज्याने काढली त्याचं लग्न झालेलं नसावं.

बाईंचा मात्र जीव टांगणीला लागला होता. आजवर त्यांनी औषधांच्या माहितीपत्रकांचीच प्रुफं वाचली होती. त्यांच्या एकटीच्या हाती आलेलं हे पहिलं पुस्तक. ते आज गेलं नाही, तर पुन्हा जेवणाआधी एक गोळी नि जेवणानंतर एक गोळी.

“मशीन तुमच्यासाठी थांबवलंय,” छापखान्याच्या फोरमनचा फोन आला. “पाचपर्यंत फाइल आली नाही तर दुसरं काम चढवतो. मग मला नावं ठेवू नका.”

बाई साहेबांकडे गेल्या. “साहेब, कुठले शब्द घ्यायचे ते एकदा ठरवा.”

“मला काय विचारता? तिला विचारा,” साहेब फणकारले.

बाई वहिनींकडे गेल्या. “साहेब म्हणतात, तुम्हाला विचारा.”

वहिनींनी चष्मा काढला. “असं म्हणाले? मला विचारा म्हणून?”

“हो.”

बाई खोटं बोलल्या नव्हत्या. साहेबांचा सूर तेवढा त्यांनी दाराबाहेर ठेवला होता. वहिनी विरघळल्या आणि म्हणाल्या, “मग त्यांनाच विचारा.” हाही निरोप बाईंनी इमानेइतबारे पोचवला.

मग जे सुरू झालं ते भांडणापेक्षा वाईट होतं. साहेब बायकोसाठी इंटरनेट घालू लागले आणि वहिनी नवऱ्यासाठी महाजाल. बाईंनी दोघांना टेबलापाशी बोलावून घेतलं.

“तुझंच राहू दे,” साहेब म्हणाले.

“नको, तुमचंच बरं दिसतं.”

“अगं, मी म्हणतोय ना.”

“माझं कधी ऐकलंय तुम्ही?”

पाच वाजत आले होते. बाईंचा पारा चढला. “दोघंही बसा तिथे. आता फाइलला कुणी हात लावायचा नाही,” त्या म्हणाल्या. हा आवाज आजवर त्यांच्या घरच्यांनीच ऐकला होता. दोघं मुकाट बसले.

बाईंनी संकेतस्थळ ठेवलं, इंटरनेट ठेवलं, ईमेल ठेवला, संगणक ठेवला. वाचणाऱ्याच्या तोंडात सहज बसेल तो शब्द, आणि एकदा धरला की शेवटच्या पानापर्यंत तोच. कुणालाही न विचारता त्यांनी फाइल पाठवली आणि फोन उचलला.

“छापा,” त्या म्हणाल्या. सांगताना त्यांना फार बरं वाटलं.

पुस्तक आलं. साहेबांनी ते चाळलं आणि बाईंच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, “शेवटी सगळे तिचेच शब्द घेतलेत तुम्ही. असू दे. संसारात एकाला पडतं घ्यावं लागतं.”

थोड्या वेळाने वहिनी आल्या. “सगळे ह्यांचेच ठेवलेत हो. असू दे. कुणीतरी पडतं घ्यायलाच हवं.”

“मोठं मन आहे तुमचं,” बाईंनी दोघांनाही सांगितलं.

पुढचं हस्तलिखित दोघांनी मिळून बाईंच्या टेबलावर आणून ठेवलं. शब्द कुठले घ्यायचे, ते कुणीच सांगितलं नाही.