बाजार, कष्ट आणि आमची पार्किंगची जागा

बायकोशी भांडण कसं उकरून काढावं, हे मला कुणी शिकवायला नको! जगातले नवरे बायकोनं भांडू नये म्हणून गजरे आणतात, भांडी घासतात, सासूला आठवणीनं फोन करतात. मी मात्र माझ्या बायकोनं माझ्याशी कडकडून भांडावं म्हणून एक योजना आखली होती. इतकी पक्की की ती फसली तर मिशी उतरवीन, असं मी आरशासमोर म्हणालोसुद्धा. मला मिशी नाही, हा भाग वेगळा.

आता तुम्ही म्हणाल, डोकं फिरलंय का याचं? थांबा, सगळं सांगतो.

मृणालिनी मला पहिल्यांदा दिसली ती माझ्या चिंधड्या उडवताना. कॉलेजची वादविवाद स्पर्धा होती. देशात नुकतंच उदारीकरण आलेलं. जो तो 'खुली अर्थव्यवस्था' हे शब्द नव्या बुटांसारखे मिरवत होता. विषय होता, 'वस्तूचं मोल कोण ठरवतं, बाजार की कष्ट?' मी बाजाराच्या बाजूनं. मागणी, पुरवठा, स्पर्धा असं सगळं घोकून गेलो होतो. टाळ्याही बऱ्या पडल्या. मग मुलुंडच्या कॉलेजची एक जाड भिंगाचा चष्मा लावलेली मुलगी उठली.

"परीक्षक महोदय," ती म्हणाली, "माझे प्रतिस्पर्धी सकाळी आईच्या हातची पोळी खाऊन आलेत. ती पोळी बाजारात गेली नाही, तिला भाव नाही. म्हणजे त्यांच्या हिशेबानं तिचं मोल शून्य! त्यांनी हे आज घरी जाऊन आईला सांगावं आणि उद्या डबा आणून दाखवावा!"

सभागृह हसून कोसळलं. मी हरलो, प्रेमात पडलो आणि यथावकाश लग्नही झालं. पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरात अधिवेशन चालू होतं. खासगीकरण, रिक्षाचं भाडं, शाळांच्या फिया, कामवाल्या बाईंचा पगार. कांदा महागला की मी म्हणायचो, "मागणी वाढली." ती म्हणायची, "मग शेतात राबणाऱ्याच्या हातात काय वाढलं ते सांग!" आमटी निवायची, पण माघार कुणी घ्यायचं नाही. आमची लेक इरावती मधे बसून दोघांना गुण द्यायची. मला कायम कमी मिळायचे.

इरावती नोकरीसाठी हैदराबादला गेली आणि हळूहळू मृणालिनीचं वाद घालणं बंद झालं. बोलायची भरपूर. दूधवाला काय म्हणाला, आरे कॉलनीत बिबट्या दिसला म्हणे, असलं सगळं सांगायची. पण मी काही मत मांडलं की, "असेल बाबा." एकदा तर मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "गरिबी म्हणजे मुळात आळस गं!" पूर्वी या एका वाक्यावर रविवार गेला असता.

"असेल बाबा," ती म्हणाली. "कोशिंबीर वाढू?"

मला तिची फार आठवण आली. समोर बसून कोशिंबीर वाढणाऱ्या बायकोची आठवण येते, हे सांगायचं कुणाला? डॉक्टरला सांगितलं असतं तर त्यानं माझंच डोकं तपासलं असतं.

म्हणून ही योजना! आमच्या सोसायटीत एक मेला महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम असतो. मुलांचे नाच, बटाटेवडे आणि भाषणं. मी सेक्रेटरी नंदाताईंना गाठलं. नंदाताई कोर्टात नोकरी करतात, त्यामुळे सोसायटीत साधा बल्ब बदलायचा तरी त्यांना दोन साक्षीदार लागतात.

"नंदाताई, यंदा वादविवाद ठेवू. कामगार दिनही आहेच. बाजार विरुद्ध कष्ट! मी आणि मृणालिनी."

"नवरा-बायको? स्टेजवर?" नंदाताई खूश झाल्या. "पब्लिक येणार हो! पण बाजू चिठ्ठ्या टाकूनच ठरवायच्या. स्पर्धेचा नियम आहे. उगाच नंतर तक्रार नको."

मृणालिनी आधी नको नको म्हणाली. नंदाताईंनी, "मृणालताई, माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?" असं म्हटल्यावर तयार झाली. चिठ्ठ्या करायचं काम माझ्याकडे आलं, आणि इथेच माझ्या बुद्धीनं उसळी मारली. समजा, मृणालिनीला 'बाजार' निघाला तर? ती बाजाराच्या बाजूनं काय पेटणार! तिला 'कष्ट'च निघायला हवेत. तेव्हा मी दोन्ही चिठ्ठ्यांवर निळ्या जेल पेननं टपोऱ्या अक्षरात 'कष्ट' लिहिलं. पहिली चिठ्ठी ती उचलेल, दुसरी मी खिशात टाकेन आणि म्हणेन, "म्हणजे माझा बाजार." आहे की नाही झकास?

एक मेच्या संध्याकाळी पटांगणात खुर्च्या मांडल्या. नंदाताईंनी स्टीलचा डबा पुढे केला. मृणालिनीनं चिठ्ठी काढली. "कष्ट," तिनं वाचलं. टाळ्या! मी दुसरी उचलली, घडीही न मोडता खिशाकडे नेत म्हणालो, "म्हणजे माझा बाजार. करूया सुरू!"

"एक मिनिट," नंदाताई म्हणाल्या. "तीपण उघडा."

"कशाला? उरलं काय आता?"

"उघडून सगळ्यांना दाखवायची. रीत आहे."

"अहो, वेळ कशाला घालवायचा?"

"श्यामभाऊ, चिठ्ठी!" त्यांनी हात पुढे केला.

माणसाला संकटात काय सुचेल सांगता येत नाही. मी चिठ्ठी तोंडात टाकली.

मग पहिल्या रांगेतली पोरं किंचाळली, "काकांनी चिठ्ठी खाल्ली!"

"तोंड उघडा!" नंदाताई कडाडल्या. मी मान हलवली. गिळायचा प्रयत्न केला, पण कागद जाड होता. शेवटी ठसका लागला आणि पुरावा नंदाताईंच्या तळहातावर पडला. त्यांनी जराही न किळसता तो उलगडला आणि माइकमधून वाचला, "कष्ट!"

"म्हणजे दोन्हीवर कष्ट?" मागून आवाज आला. हे मार्तंड. सातव्या मजल्यावर राहतात, भली मोठी गाडी आहे आणि आवाज त्या गाडीहून मोठा. "अहो, म्हणजे या माणसानं चिठ्ठ्यांत गडबड केली! आणि गेल्या वर्षी पार्किंगचा ड्रॉ कुणी काढला होता?"

पार्किंगचा ड्रॉ मीच काढला होता! आमच्या बिल्डिंगीखाली खांबांमध्ये सावलीतल्या मोजक्या जागा आहेत, बाकी सगळ्या गाड्या बाहेर उन्हात. त्या ड्रॉत मला खांबांतली सावलीची जागा निघाली होती आणि मार्तंडना कचऱ्याच्या डब्यांशेजारची. देवाशप्पथ सांगतो, तो ड्रॉ शंभर टक्के खरा होता! आयुष्यात मी चिठ्ठ्यांत लबाडी केली ती फक्त बायकोसाठी. पण निळ्याशार जिभेनं "मी निर्दोष आहे!" असं ओरडणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार?

"तरीच!" "मी तेव्हाच म्हणालेले!" "याची वाट लावा!" अशी बोंबाबोंब सुरू झाली. बटाटेवड्यांच्या टेबलावरचे लोकसुद्धा वडा टाकून आले. मार्तंडनी माइकच ताब्यात घेतला.

"चिठ्ठ्या बंद! लिलाव करा! जो जास्त बोली लावेल त्याची सावली. सरळ हिशेब. ज्याला जास्त गरज, तो जास्त पैसे देईल!"

"चूक!"

हा आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकत होतो. मृणालिनी उभी होती. तिनं चष्मा नाकावर वर ढकलला. पूर्वी ती अशी चष्मा ढकलायची तेव्हा समोरच्यानं देवाचं नाव घ्यावं.

"ज्याला जास्त गरज तो नाही हो मार्तंडभाऊ, ज्याच्याकडे जास्त पैसे तो! सहाव्या मजल्यावरच्या शिवदासकाकांचे गुडघे गेलेत. त्यांची स्कूटर पार फाटकापाशी उन्हात असते. तिथून चालत येताना ते दोनदा भिंतीला टेकतात. त्यांच्याएवढी गरज इथं कुणाला आहे? पण बोली लावायला त्यांच्याकडे पेन्शन आहे फक्त. म्हणजे तुमच्या बाजारात त्यांचे गुडघे दुखतच नाहीत!"

टाळ्या! शिवदासकाका संकोचून गुडघे चोळू लागले. मार्तंड म्हणाले, "पण बाजारभाव म्हणून काही असतो की नाही?" मृणालिनी म्हणाली, "सावलीचा भाव? सावलीसाठी कुणी घाम गाळला? तुम्ही? बिल्डरनं? ज्यांनी ते खांब उभे केले ते आज कुठल्या उन्हात आहेत, विचारलंत कधी?"

काय बोलत होती! गाल लाल झाले होते, हात हवेत होते. अगदी तीच, वादविवाद स्पर्धेतली! पण बोलत होती मार्तंडशी. माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. एवढा कागद मी चावला, आणि भांडण मिळालं मार्तंडना? माझा जीव तुटायला लागला. लोक मला चोर म्हणत होते त्याचं काही वाटेना, पण ती दुसऱ्याचे मुद्दे खोडते आहे हे बघवेना.

मी उठलो.

"लिलावच योग्य आहे!" मी म्हणालो.

मार्तंड दचकले. नंदाताईंनी कपाळावर हात मारला. ज्याची सावली जाणार तोच लिलाव मागतोय, हे कुणाच्या डोक्यात शिरेना. मृणालिनी मात्र वळली आणि सरळ माझ्याकडे बघायला लागली.

"लिलावाचे पैसे सोसायटीत येतील," मी गडबडीनं म्हणालो. "त्यातून लिफ्ट सुधारेल. शेवटी फायदा शिवदासकाकांनाच! श्रीमंताचा पैसा वरून खाली झिरपत येतो."

"परीक्षक महोदय," मृणालिनी म्हणाली. परीक्षक कुणी नव्हतंच, पण नंदाताई आपोआप ताठ बसल्या. "माझे प्रतिस्पर्धी म्हणतात, वरून खाली झिरपतं. या बिल्डिंगीत वरून खाली आजवर एकच गोष्ट झिरपलीय. मार्तंडभाऊंच्या बाथरूमचं पाणी, आणि तेही शिवदासकाकांच्या छतातून!"

अख्खं पटांगण उभं राहिलं. पोरं खुर्च्यांवर चढली. मी तर स्वतःच टाळ्या वाजवत होतो! माझे प्रतिस्पर्धी, म्हणाली ती. मला! माझे डोळे भरून आले आणि पुढचा मुद्दाच विसरलो. "श्यामभाऊ, उत्तर द्या," नंदाताई म्हणाल्या. मी नुसताच हसत उभा होतो.

"उत्तर नसेल तर मीच सांगते," मृणालिनी म्हणाली. "ड्रॉ खरा होता की खोटा, मला माहीत नाही. पण ज्यानं आज चिठ्ठी खाल्ली त्याच्या कालच्या चिठ्ठीवर कुणी का विश्वास ठेवावा? नवीन वाटणी होईपर्यंत आमची सावलीची जागा आम्ही शिवदासकाकांना देतो. आमची गाडी फाटकापाशी राहील."

"अगं!" मी म्हणालो. पण ते टाळ्यांत कुणाला ऐकू जाणार?

नंदाताईंनी लगेच दोन साक्षीदार बोलावले. मार्तंडनी स्वतः पुढे होऊन माझ्याकडून गाडीची किल्ली घेतली आणि गाडी हलवलीसुद्धा. इतक्या आनंदानं त्यांना काही काम करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

जिना चढताना मृणालिनी थांबायलाच तयार नव्हती. "आणि मी तो खांबांचा मुद्दा काढला तेव्हा त्यांचा चेहरा पाहिलास?" ती म्हणत होती. पायऱ्या चढताना धाप लागत होती, तरी बोलत होती. मी मधेच म्हणालो, "मृणाल, मग घरी का नाही बोलत अशी? मला किती..." मी एक पायरी वर जाऊन तिच्यासमोर उभा राहिलो. "मला करमत नाही गं त्याच्याशिवाय."

ती थांबली. कठड्याला टेकून माझ्याकडे बघत राहिली.

"अरे वेड्या," ती म्हणाली, "मी जिंकले की तू दोन-दोन दिवस तोंड फुगवून बसायचास. इरा होती तेव्हा चालायचं, मी तिच्याशी बोलायचे. आता घरात आहे कोण? तूही गप्प झालास तर मी बोलू कुणाशी, मिक्सरशी? म्हणून म्हणते, असेल बाबा. निदान तुझा आवाज तरी येतो घरात."

मला काय वाटलं ते इथे लिहिता येणार नाही. घरात आल्यावर मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. खाली माझी गाडी फाटकाजवळ उभी होती. टपावर दोन कावळे बसले होते, आणि त्यांचा मुक्काम लांबणार असं स्पष्ट दिसत होतं.

सकाळी मृणालिनीनं चहा आणला. समोर खुर्ची ओढून बसली, चष्मा वर ढकलला आणि म्हणाली, "चल, खासगीकरण. तू आधी बोल."

आता मी तोंड फुगवतो हा आरोप धादांत खोटा आहे! त्यावर माझ्याकडे बिनतोड मुद्दे तयार आहेत, आणि खासगीकरणावर तर त्याहून चांगले आहेत. ती समोर वाट बघत बसली आहे, चहा निवत चालला आहे आणि माझ्या ओठांवर पहिलं वाक्य येऊन थांबलं आहे. मी तिला सगळं ठणकावून सांगणार आहे. फक्त परवा सांगेन, कारण तोपर्यंत मी तिच्याशी बोलत नाहीये.