नव्या पोरांना भिमाचे चार शब्द

हिर्डोशीच्या सावळारामाचा भिमा भोरच्या हायस्कुलात चौथीनंतरच्या इंग्रजी पहिलीत नापास झाला, हे गावात एकट्या भिमालाच ठाऊक होते. निकाल ऐकून तो डोंगरवाट तुडवत घरी आला, तेव्हा बाप खाचराचा बांध नीट करत होता.

"पास?" बापाने विचारले.

बापाच्या हातात कुदळ होती. भिमा म्हणाला, "व्हय."

तेवढ्यावर सुट्टी सुखात गेली असती. पण शेजारच्या रखमाजीने आपल्या गेनूलाही यंदा भोरला धाडायचे ठरवले. गेनू आला म्हणजे पहिलीत बसणार, आणि पहिलीत बसला की शेजारी भिमा दिसणार. तेव्हा गेनू येताच कामा नये, असे भिमाने मनाशी पक्के केले.

रखमाजी सल्ला विचारायला आला. "भिमा, तू आता दुसरीतला मानूस. आमच्या पोराला चार गोष्टी सांग."

"नाना, तिथं लई हाल हायेत. भाकरी आपल्या हातानं थापायची. करपली तरी खायची."

"बरं हाय की. घरात ताटाला नावं ठेवतंय."

"मास्तर छडी मोडंस्तवर मारत्यात."

"मोडल्यावर थांबत्यात न्हवं? म्या न्हाई थांबत."

"पहाटं नदीवर गार पान्यानं आंगूळ करावी लागती."

हे ऐकून रखमाजीने बायकोला हाक मारली. "ऐकलंस का गं? पोरं रोज आंगूळ करत्यात तिथं! गेनूला धाडायचाच."

रखमाजीने ही हकिकत मराठी शाळेच्या गुरुजींना सांगितली. गुरुजींना आनंद झाला. त्यांनी चौथी पास झालेली पोरे आणि त्यांचे बाप शाळेत जमवले, भिमाला आपल्या खुर्चीवर बसवले आणि म्हणाले, "हायस्कुलात जाणाऱ्यांना आता भिमा चार शब्द सांगेल."

भिमाने विचार केला, एकेकाला भिववण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच भिववलेले बरे. तो उभा राहिला.

"पोरांनो, इंग्रजी लई वंगाळ. त्यात लिवायचं येक आन् म्हनायचं दुसरंच. काही अक्षरं तर मुकीच असत्यात. लिवली न्हाईत तर छडी, बोलली तरी छडी. ती मुकी का, म्हनून इचारलं तर दोन छड्या. त्यापरीस म्हसरं बरी. म्हशीला हाक मारली तर ती निदान वळून तरी बघती. घरीच ऱ्हावा."

याच विषयात तो नापास झालेला असल्यामुळे बोलण्यात मोठा कळवळा होता. बापांचे डोळे पाणावले. गुरुजी म्हणाले, "बघा, एका वर्षात केवढा खोल अभ्यास!"

सभा उठली तेव्हा आणखी दोघांनी आपली पोरे भोरला धाडायचे नक्की केले होते. "भिमाच्याच खोलीवर ऱ्हातील," असेही ठरले.

जूनमध्ये पिठाची गाठोडी डोक्यावर घेऊन चार पोरे आणि चार बाप भोरला पोचले. शाळेच्या फाटकाशी भिमा म्हणाला, "तुमी आता माघारी फिरा. ह्यास्नी वर्गात म्या बसवतो."

"इतकं चाललो, तर वर्ग बघूनच जातो," रखमाजी म्हणाला.

चारही बाप पहिलीच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिघे नवे आत बसले. भिमा मात्र ताठ मानेने दुसरीच्या वर्गात शिरला. थोड्याच वेळात दुसरीचे मास्तर त्याचा कान धरून बाहेर आले आणि त्याला पहिलीच्या दारातून आत ढकलत म्हणाले, "हा तुमचा. चुकून माझ्याकडे आला होता."

"ये बाबा," पहिलीचे मास्तर म्हणाले, "तुझी जुनी जागा आहेच."

भिमाने मान खाली घातली. सावळारामाने हातातली काठी घट्ट धरली. आत गेनू तेवढा खूश झाला. सरकून जागा करत तो म्हणाला, "भिमादादा, हितं बस."

ते पाहून रखमाजी पुढे झाला. त्याने सावळारामाचा हात धरला. "सावळाराम, तुजं पोरगं न्हाई, देव हाय! आमची पोरं नवख्या गावात बावरतील, म्हनून दुसरी सोडून खाली आलं!"

बाकीच्या दोघांनी डोळे पुसले. सावळारामाने त्यांच्याकडे पाहिले, आत बसलेल्या भिमाकडे पाहिले, आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"माजंच हाय," तो म्हणाला.

मधल्या सुट्टीत भिमा बाहेर आला. बापाच्या नजरेला नजर देण्याची त्याची छाती होईना. या वर्षी रात्रंदिवस घोकायचे आणि काहीही करून वर चढायचे, असे त्याने मनात ठरवून टाकले होते. इतक्यात रखमाजीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"भिमा, आनिक येक मागनं हाय. गेनूच्या पाठचा पुढल्या साली चौथी होतोय. त्येच्यासाठी येवढं अजून येक वरीस थांबशील का?"

भिमाने घाबरून बापाकडे पाहिले.

"थांबंल की," सावळाराम शांतपणे म्हणाला. "त्याला जमतंय ते."